हवेत नको, माझ्या कानात

कामावर जाताना वाट वाकडी करून तो बहिणीकडे गेला, ते एका उशीसाठी. रेडिओ केंद्रात त्याच्या खुर्चीवर एक हिरवी उशी होती. ती बसून बसून पत्र्यासारखी झाली होती आणि संध्याकाळपर्यंत त्याची पाठ धरायची. धाकट्या बहिणीने दादासाठी निळ्या कापडाची, चांगली गुबगुबीत उशी शिवून ठेवली होती.

बहीण सायकलीच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहायची. ती आणि तिची छोटी मुलगी. हा पत्ता मोजक्या माणसांना माहीत होता आणि तसाच राहायला हवा होता. तिचा नवरा मालाची गाडी चालवायचा. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्न ठरवायला आला तेव्हा अख्खं घर त्याच्यावर खूश होऊन बसलं होतं. दार बंद झाल्यावर तो कसा बोलतो, ते एकट्या बहिणीला नंतर कळलं. ती घर सोडून निघाली, त्याने शोधून काढलं. पुन्हा निघाली, पुन्हा शोधून काढलं, आणि त्या वेळी तिचं मनगट मोडलं. पुढच्या खेपेला मनगटावर भागणार नाही, असं तो जाताना म्हणाला होता. ओरडून नाही, हसत.

"तो दिवसभर गाडीत रेडिओ लावतो," बहीण उशी पिशवीत कोंबत म्हणाली. "तुमचा तो 'शाबासकी' कार्यक्रम तर त्याचा भारी लाडका. मजाच आहे, नाही दादा?"

"तुला हसू कसं येतं गं?"

"रडून झालंय माझं," ती म्हणाली. "जा आता, उशीर होईल."

जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात काठी, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "तुम्हीच ना ते रेडिओवाले भाऊ? मला एकदा बोलायचंय हो तुमच्या कार्यक्रमात. माझ्या डोळ्याच्या डॉक्टरांचं कौतुक करायचंय. देवमाणूस!"

"करा की फोन, आजी," तो उतरता उतरता म्हणाला. म्हातारं माणूस, त्याला काय नाही म्हणायचं!

आता त्याचं काम काय, ते सांगायला हवं. केंद्रात त्याला सगळे 'बटणवाला' म्हणत. 'शाबासकी' हा दुपारचा कार्यक्रम. लोक फोन करून कुणाचं तरी कौतुक करायचे आणि निवेदिका त्यांना बोलतं करायची. पण फोनवर माणूस बोलला की ते लगेच हवेत जात नसे. दहा सेकंद ते एका पेटीत थांबायचं आणि मग बाहेर पडायचं. त्या दहा सेकंदांत कुणी शिवी दिली, कुणाच्या जातीवर, धर्मावर, अंगावर घाण बोललं, कुणाला धमकी दिली, कुणाचं खाजगी काही उघडं केलं, तर बटणवाल्याने लाल बटण दाबायचं. पेटीतलं सगळं पुसलं जाई आणि श्रोत्यांना फक्त एक हलकी उचकी ऐकू येई. तसा नियमच होता, आणि नियम मोडला तर केंद्राला टाळं लागू शकत होतं.

त्याच्या आधी त्या खुर्चीवर चाळणीबाई होत्या. हे नाव अर्थातच पाठीमागचं. तोंडावर सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, आणि तेही जरा जपूनच. बुटक्या, कायम सर्दीने बेजार. नाकाला निलगिरी तेल लावलेला रुमाल, आणि दर दोन वाक्यांमागे एक लांब सुस्कारा. दिसायला भांडकुदळ मामेसासू. पण असं माणूस त्याने पुढे पाहिलं नाही, आणि पुढे पाहील असं त्याला वाटतही नाही.

शिव्या तर कुणीही कापेल. बाई हसणंसुद्धा कापायच्या. एकाने आपल्या जाड्या मेहुणीवर विनोद केला, निवेदिका खळखळून हसली. बाईंनी विनोद कापला आणि हसणंही कापलं. निवेदिका चिडून काचेपलीकडून आली, तर बाई म्हणाल्या, "पुस्तक नको असलं तर मिटता येतं. रेडिओतला शब्द कळेपर्यंत ऐकून झालेला असतो. ती मेहुणी या क्षणी भांडी घासत रेडिओ ऐकत असेल. तिने काय करायचं?" निवेदिकेने पुढे असं कधी हसून दाखवलं नाही.

आणि त्यांची एक रीत होती, जी कुठल्याच नियमात लिहिलेली नव्हती. ज्याला कापलं, त्याला त्या दिवस मावळायच्या आत स्वतः फोन करायच्या. मग तो कुणीही असो. एकदा कामावरून काढलेला एक माणूस कार्यक्रमात साहेबाच्या आईबहिणीवर घसरला. बाईंनी त्याला कापलं आणि कार्यक्रम संपल्यावर फोन लावला. बटणवाला तेव्हा शिकाऊ होता, दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकत होता. "हं, बोला," बाई म्हणाल्या. "मघाशी अर्धं राहिलं तुमचं. हवेत नको, माझ्या कानात द्या शिव्या. मी ऐकतेय." त्याने दिल्या. अशा दिल्या की बटणवाल्याचे कान तापले. बाई मधूनमधून सुस्कारा टाकत "हं" म्हणत राहिल्या. शेवटी तो माणूस ढसाढसा रडला, आणि बाईंनी त्याला विचारलं, जेवलात का?

त्या कापलेल्यातला एक शब्दही त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. एवढी घाण बाईंनी कुठे साठवली असेल, असा प्रश्न त्याला पडायचा. मागच्या थंडीत छातीच्या दुखण्याने त्या गेल्या. त्याला शिकवलेली शेवटची गोष्ट अगदी साधी होती. "अरे, फोन ठेवला म्हणून माणूस गप्प होत नाही. त्याचं बोलणं अजून पेटीत असतं. ते संपेपर्यंत बोट उचलायचं नाही. आपल्या माणसाचा फोन असला तर मुळीच नाही."

*

केंद्रात पोचल्यावर त्याने हिरवी उशी कपाटावर टाकली आणि खुर्चीवर निळी ठेवली. बसून पाहिली. सुख झालं.

ती खोली तशी लहान. एका बाजूला काच, पलीकडे निवेदिका. भिंतींना जाड कापड लावलेलं, खिडकी नाहीच. आत दुपार असो की मध्यरात्र, उजेड तोच पिवळा. दार लावलं की आवाज जणू कानातून काढून घेतल्यासारखे जायचे आणि स्वतःचा श्वास मोठा वाटायला लागायचा. हेडफोनमध्ये फोनवरचं बोलणं त्या क्षणी ऐकू येई. भिंतीवरच्या स्पीकरमधून तेच बोलणं दहा सेकंदांनी, म्हणजे हवेत गेल्यावर. या दोन आवाजांच्या मधल्या जागेत त्याची नोकरी होती.

कार्यक्रम सुरू झाला. एक मुलगी आपल्या पोहण्याच्या शिक्षिकेबद्दल बोलली. एक गृहस्थ पोस्टमनबद्दल बोलले. मग हेडफोनमध्ये ओळखीचा थरथरता आवाज आला.

"मी डोळ्याच्या डॉक्टरांबद्दल बोलणार हं..."

आजी! त्याला हसूच आलं. म्हणजे सकाळचं बोलणं मनावर घेतलं म्हातारीने. आता या काय शिव्या देणार? त्याने बटणावरचं बोट उचललं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला, आणि कोपऱ्यातल्या माठाकडे पाणी प्यायला गेला. सकाळपासून घसा कोरडा पडला होता.

पेला अर्धा भरला असेल. भिंतीवरच्या स्पीकरमधून आजी सांगत होत्या, डॉक्टरांनी दृष्टी दिली, पैसेसुद्धा कमी घेतले. आणि टेबलावरच्या हेडफोनमधून, डबीत कोंडलेल्या माशीसारखा, आजींचाच बारीक आवाज येत होता. पुढचा. अजून हवेत न गेलेला.

"...पण थेंब कोण घालतं डोळ्यांत? माझी शेजारीण! नवीनच आलीय बिचारी, एकटी, पदरात छोटी मुलगी..."

त्याचा हात थांबला.

"अरे वा! कुठे राहतात या ताई?" निवेदिकेचा आवाज.

"अहो, आमच्याच जिन्यात! त्या गोल बागेसमोर सायकलीचं दुकान आहे ना, त्याच्या वर. शिवणकाम करते. मनगटाला दुखापत आहे तिच्या, तरी..."

पेला हातातून सुटला. तो धावला. चार पावलांची ती खोली त्या क्षणी कशी लांबली देव जाणे. भिंतीवरून आजी म्हणत होत्या, 'पण थेंब कोण घालतं डोळ्यांत?' हेडफोनच्या वायरीत त्याचा पाय अडकला आणि तो तोंडावर आपटला. तोंडात रक्ताची चव आली. डोळ्यांपुढे मालाची गाडी उभी राहिली, तिच्यात चालू असलेला रेडिओ, आणि तो आवाज वाढवणारा हात.

'...नवीनच आलीय बिचारी,' भिंत म्हणाली. 'एकटी, पदरात छोटी मुलगी...'

बटण टेबलावर, तो जमिनीवर. हात पोचणार नव्हता. त्याला ते कळलं, आणि कळूनही त्याने हात वर केला.

'अरे वा! कुठे राहतात या...'

खट्.

भिंतीवरच्या स्पीकरला उचकी लागली. पत्ता आलाच नाही. त्याच्या जागी निवेदिकेचा ताजा आवाज आला. आता पेटी रिकामी होती, ती जे बोलेल ते थेट हवेत जाणार होतं. "तर श्रोतेहो, आजींनी फार छान सांगितलं. या ताई राहतात त्या..."

आणि ती थांबली. जमिनीवरून त्याला काचेपलीकडचा तिचा चेहरा दिसत होता. ती त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. तिने हळूच मान डोलावली, कुणाची तरी खूण कळल्यासारखी, आणि बोलणं तिथेच सोडून गाणं लावलं.

तो उठला. लाल बटण खाली दाबलेलं होतं. अजूनही. मग ते आपसूक, अगदी सावकाश वर आलं, कुणीतरी बोट उचलल्यासारखं. निळी उशी जमिनीवर, तो पडला होता तिथेच शेजारी पडली होती. खुर्चीवर हिरवी होती. आणि खोलीत निलगिरीचा वास भरला होता... ओल्या रुमालाचा, दाट.

काचेपलीकडे बोलण्यासाठीचा खटका दाबून निवेदिका म्हणाली, "दादा, ठीक आहे ना सगळं? खाली काय शोधत होतात?"

"तू... तू का थांबलीस मघाशी?"

"म्हणजे? तुम्हीच तर ओठांवर बोट ठेवलंत." तिने डोळे बारीक केले. "काचेवर उजेड पडला होता, चेहरा नाही दिसला. पण हात दिसला की. रुमाल धरलेला."

त्याच्याकडे रुमाल नव्हता. "तो पत्ता पुन्हा कुणालाही सांगू नकोस," तो कसाबसा म्हणाला. "माझी बहीण आहे ती. कुणी काहीही विचारलं तरी... नाही."

निवेदिकेचा रंग उतरला. तिने फक्त मान हलवली.

गाणं चालू होतं. कापलेल्याला फोन करायचा, ही बाईंची रीत त्याने आजवर पाळली होती. त्याने आजींचा नंबर लावला. म्हातारी काय म्हणेल, आपण असं काय वाईट बोललो म्हणून रडेल, असं त्याला वाटत होतं.

"आजी, मी रेडिओतून बोलतोय. मघाशी तुमचं बोलणं जरा..."

"अहो, कळलं मला!" आजी म्हणाल्या. "आत्ताच फोन ठेवला तुमच्या बाईंनी. किती समजूतदार हो! म्हणाल्या, तुमचं काही चुकलं नाही, पण त्या पोरीबद्दल कुणाला सांगत जाऊ नका, तिच्यामागे एक माणूस लागलाय. मला मेलीला काय ठाऊक! आता जीभ चावून बसलेय."

त्याने रिसीव्हर घट्ट धरला. "बाई... कशा बोलत होत्या?"

"कशा म्हणजे? सर्दी होती जबर. सारख्या सुस्कारे टाकत होत्या. लांबून बोलल्यासारखा आवाज... विहिरीतून यावा तसा. औषध घ्यायला सांगा हो त्यांना. आणि तुम्हाला निरोप दिलाय. म्हणाल्या, त्याला सांगा, बोट ठेव. अजून झालेलं नाही."

त्याने रिसीव्हर ठेवला. हिरव्या उशीवर बसला. ती गार होती, पावसात भिजल्यासारखी, पण तो उठला नाही. हेडफोन चढवला आणि बोट बटणावर ठेवलं. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण तिच्या बाजूलाच आणखी काहीतरी होतं, आणि त्याचं नाव घ्यायला त्याला मुळीच संकोच वाटला नसता. बाई गेल्या तरी ड्यूटी सोडून गेल्या नव्हत्या, याचा अभिमान होता तो.

गाणं संपलं. तेवढ्यात पेटी पुन्हा भरली होती. फोनच्या तिसऱ्या लाइनचा दिवा लागला.

"नमस्कार ताई," हेडफोनमध्ये मधाळ आवाज आला. "तुमचा कार्यक्रम मी रोज ऐकतो, गाडी चालवता चालवता."

मेहुणा.

"मघाशी त्या आजींचं बोलणं मधेच तुटलं बघा. थेंब घालणारी ती शेजारीण... फार चांगली बाई वाटली. मलाही तिला शाबासकी द्यायचीय. कुठे राहते म्हणाल्या आजी?"

बटण हवेत जाणारं थांबवू शकत होतं. पण फोनवरच्या माणसाला निवेदिकेचं बोलणं तिथल्या तिथे ऐकू जाणार होतं, तिथे बटणाचा काही उपयोग नव्हता. त्याने काचेतून निवेदिकेकडे पाहिलं.

"ते आम्ही सांगत नाही," ती म्हणाली.

"अहो ताई, सांगा ना."

"नाही सांगणार."

मग त्या मधाळ आवाजाचा बांध फुटला. निवेदिकेच्या आईपासून सुरुवात झाली. मग बटणवाल्याची बहीण आली, मग तिच्या त्या एवढ्याशा पोरीचं नाव घेऊन जे आलं ते... बटणवाल्याने दाबलं. खट्. या वेळी बोट त्याचंच होतं. त्याने तिसरी लाइन तोडली आणि निवेदिकेने दुसरं गाणं लावलं. बाहेरच्या जगात, भांडी घासणाऱ्या, शिवण टिपणाऱ्या, गृहपाठ करणाऱ्या कुणालाही एका उचकीपलीकडे काही कळलं नाही. सायकलीच्या दुकानावरच्या खोलीतही नाही.

कार्यक्रम संपला. निवेदिका डोळे पुसत घरी गेली. तो बसून राहिला.

रीत होती. ज्याला कापलं त्याला फोन करायचा, मग तो कुणीही असो. त्याने रिसीव्हरकडे हात नेला आणि मागे घेतला. त्या तोंडाला 'हं, बोला' म्हणायचं? बहिणीचं मोडकं मनगट आठवत होतं. त्याच्याच्याने होईना. "बाई," तो रिकाम्या खोलीत हलकेच म्हणाला, "एवढं मला जमणार नाही. माफ करा."

निलगिरीचा वास दाटला. त्याच्या कानामागे कुणीतरी एक लांब सुस्कारा टाकला.

आणि तिसऱ्या लाइनचा दिवा लागला. घंटा न वाजता. बाहेरून फोन आला तर दिवा लुकलुकत असे. हा स्थिर होता. इथून कुणीतरी फोन लावला होता.

पुष्कळ वेळ त्याला धीर झाला नाही. मग श्वास रोखून दुसरा रिसीव्हर कानाला लावला.

पलीकडे मेहुणा होता. ज्या शिव्या तो देत होता त्या बटणवाल्याने पुढे कधी कुणाला सांगितल्या नाहीत, बायकोलाही नाही. बराच वेळ तो देत राहिला. मधे दम घ्यायला थांबला, तेव्हा लाइनवर एक ओलसर सुस्कारा आला.

"हं," बाई म्हणाल्या. "बोला. मी ऐकतेय."

"कोण आहेस तू? ठेव फोन!"

"हवेत नको. माझ्या कानात द्या."

पुन्हा शिव्या. पण आता आवाज चढत नव्हता. "तू... तू गाडीत कशी काय..." मेहुण्याचा श्वास घशात अडकत होता. "हा वास कसला? मी फोन ठेवलाय. ठेवलाय मी! तरी कसा..."

"अजून पुष्कळ आहे तुमच्या पोटात," बाई शांतपणे म्हणाल्या. "सगळं येऊ द्या. मला वेळच वेळ आहे."

बटणवाल्याने रिसीव्हर अलगद ठेवला. जीव भांड्यात पडला होता.

त्यानंतर मेहुणा कुणाला दिसला नाही. त्याची मालाची गाडी रस्त्याच्या कडेला सापडली, दारं आतून लावलेली, रेडिओ चालू. काहींचं म्हणणं, तो परमुलखात पळाला. बहीण आता खिडकी उघडी टाकून शिवत बसते आणि आजींच्या डोळ्यांत थेंब घालते. निळी उशी बटणवाल्याने घरी नेली. हिरवी खुर्चीवरच आहे. तो शेजारी स्टूल घेऊन बसतो.

तिसऱ्या लाइनवर कुणाला घेत नाहीत. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला, वायरी काढून पाहिल्या, काही बिघाड नाही म्हणाला. पण तिचा दिवा त्या दुपारपासून तसाच जळतो आहे.